हद्द कायम

माणसं चालतात ती कुठेतरी पोचायला. माझे सासरे चालत ते मोजायला. पृथ्वीच्या पाठीवर त्यांनी फुकट टाकलेलं एकही पाऊल नसेल. सातारा जिल्ह्यात मोजणीदार म्हणून त्यांनी चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि तेवढ्या काळात त्यांच्या पायांना अशी शिस्त लागली की एक पाऊल म्हणजे अडीच फूट, ना सूतभर कमी ना सूतभर जास्त. २००६ च्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा आमच्याकडे अमेरिकेत आले. शिकागोच्या विमानतळावर मी आणि नवरा फुलं घेऊन उभे, आणि हे दारातून बाहेर आले ते ओठ हलवत. मला वाटलं, सुखरूप पोचलो म्हणून देवाचं नाव घेतायत. मी वाकायला गेले तर त्यांनी लांबूनच हात वर करून थांबवलं, आमच्यापर्यंत येऊन दोन्ही पाय जुळवले आणि म्हणाले, "सहाशे अठरा. हां, आता कर नमस्कार."

दुसऱ्या कुणाच्या खिशाला पेन असावं तशी त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला पोलादी टेप असे. आमचा सोफा, जिना, फ्रीजचं दार यांची मापं तीन दिवसांत वहीत चढली. मॉलचं पार्किंग त्यांनी गुंठ्यांत काढलं आणि "एवढ्यात आमची आख्खी आळी बसेल, तुम्ही मोटारी उभ्या करता," म्हणून मला ऐकवलं, जसं काही ते पार्किंग माझ्या माहेरच्यांनी बांधलं होतं. देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर मी भाजणी आणि चिवडा घेत होते तेवढ्यात त्यांनी दोन दुकानांमधली भिंत कुणाच्या हद्दीत येते याचा निकाल लावला. कुणी विचारलं नव्हतं. त्यातून मोजणीदाराचे नियम म्हणून काही होते, आणि निवृत्तीला दहा वर्षं झाली तरी ते नियम निवृत्त झाले नव्हते. ज्याच्या जमिनीचा वाद आहे त्याच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. मोजणीआधी आपण तोंड उघडायचं नाही, दोन्ही बाजूंना बोलू द्यायचं. आणि मापात आलेलं लपवायचं नाही. फक्त आमच्या परसात, पहिल्याच दिवशी, चहा होईपर्यंत ते उभे-आडवे फिरून आले आणि आकडा सांगितलाच नाही. विमानाचा शीण असेल असं मी धरून चालले.

अशा माणसाशी आम्ही जमिनीबद्दल खोटं बोललो होतो. दुसरं काहीही सांगितलं असतं तर पचलं असतं. नवरा बारा वर्षांपूर्वी "पाच वर्षांत परत येतो" म्हणून निघाला, तेव्हा बाबांनी गावाबाहेर रस्त्यालगतचे अकरा गुंठे त्याच्या घरासाठी बाजूला काढले. सात गुंठे घराला, चार आंब्यांना. कुंपण घातलं, दर दिवाळीआधी स्वतः बसून गवत काढलं. सासूबाई गेल्यावर तर तो प्लॉट हाच त्यांचा विरंगुळा झाला. फोनवर प्रकृतीआधी कुंपणाची हालहवाल कळायची. आणि इकडे आम्ही आदल्या वर्षी उपनगरात घर विकत घेऊन बसलो. नवऱ्यानं घाबरून फोनवर सांगितलं, "भाड्याचंच आहे, जरा मोठं मिळालं." पुढे बाबा येणार ठरल्यावर आम्ही त्यांना उत्तरेकडची जंगलं आणि तळी दाखवायचा बेत केला, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्याचं ऑफिस आडवं आलं.

"रजा कॅन्सल केली यार, नवी सिस्टिम गो-लाइव्ह होतेय," तो म्हणाला. "तूच ड्राइव्ह कर. आणि गाडीत सांगून टाक ना त्यांना. घराचं. आपण परत जात नाही ते. तुझं ऐकतात ते."

"मुलगा तू आहेस की मी?"

"तू चांगलं सांगतेस."

म्हणजे सहा दिवस, एक कूलर, एक सासरा आणि हे एक ओझं घेऊन मी निघाले. वरवर हसण्यावारी नेत होते. त्या अकरा गुंठ्यांवर म्हातारा उभा होता आणि ते मी त्याच्या पायाखालून काढायचे होते.

पहिला दिवस विस्कॉन्सिनच्या शेतांनी खाल्ला. तिथले रस्ते मैलामैलावर काटकोनात छेदतात आणि शेतं चौकोनी, हे बाबांच्या लक्षात आलं मात्र, त्यांनी रस्त्यांचा नकाशा मांडीवर पसरला आणि रेघांवरून बोट फिरवू लागले. "काय मोजणी केलीय गं! एक बांध वाकडा नाही. कोण माणूस होता हा? याच्या पाया पडायला पाहिजे." मी संधी साधून म्हटलं, "बाबा, जमिनीवरून आठवलं—" "थांब, थांब, गाडी हळू घे, तिथे कोपऱ्याचा दगड असणार." दगड नव्हता. पण त्यासाठी मक्याच्या शेतात उतरून ते इतके आत गेले की मला फक्त टोपी दिसत होती, आणि परत आले तेव्हा माझं धैर्य आटलं होतं.

दगडांचं हे खूळ त्या प्रवासात फारच वाढलं. जिथे थांबू तिथे ते एक दगड उचलत, उलटासुलटा करत, हातभर लांब धरून बघत आणि "नाही, हा नाही" म्हणून जागच्या जागी ठेवत. लेक सुपीरियरच्या काठी आम्ही एका गुजराती काकांच्या मोटेलात उतरलो. पाणी समुद्रासारखं पसरलेलं, काठावर काळा कातळ. बाबांनी बूट काढून त्या कातळावर तळवे टेकवले. "सूनबाई, हा तर आपल्याकडचा दगड! तोच रंग, तोच पोत. इतक्या लांब कसा आला?" लाव्हाचा खडक आहे, दोन्हीकडे सारखाच, असं मी तिथल्या पाटीवरचं वाचून सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे इथं आलेला पहिला सातारकर तुझा नवरा नव्हे."

हे बोलताना ते इतके खूश होते की मी पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात मोटेलवाले काका चहा घेऊन आले. बाबांनी कप हातात घेतला आणि सवयीनं विचारलं, "आपका हद्द का कोई झगडा तो नहीं है?" काकांचा चेहरा उजळला. "है ना! ये बाजूवाला, मेरे छह फूट में बोट रखता है!" बाबांनी कप तसाच बशीत ठेवला. नाइलाज होता. सकाळी उठून पाहते तर टेपचं एक टोक काकांच्या हातात, दुसरं त्या बोटवाल्या गोऱ्या आजोबांच्या हातात आणि मधे माझे सासरे, उपाशीपोटी. बोट दोन फूट आत निघाली. काकांना सहा वाटत होती, आजोबांना शून्य. दोघांनी मिळून बोट सरकवली. वाद मिटल्यावर मात्र बाबांनी लागोपाठ तीन कप चहा प्यायला आणि काकांकडून त्यांच्या काठावरचा एक दगड मागून घेतला. लांबट, काळा, चांगला दहा किलोचा. "हा जमेल," म्हणाले. कशाला, ते विचारलं तर गाडीचं मागचं दार उघडून उभे राहिले. मी तो मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून ठेवला आणि मनात म्हटलं, सासरे आणलेत त्यात हा दगड काय जड आहे.

पुढे रस्ता जंगलात शिरला. एका वळणावर घोड्याहून उंच मूस, म्हणजे इथलं सांबरच, रस्त्याच्या मधोमध उभा होता. मी हॉर्नकडे हात नेला तर बाबांनी मनगट धरलं. "त्याची वहिवाट आहे ही. आपण नंतर आलोय." वीस मिनिटं आम्ही त्या जनावराच्या मर्जीवर बसून होतो. मग वस्ती संपली, कुंपणं संपली, आणि आम्ही एका तळ्याकाठच्या लाकडी खोलीत दोन दिवस राहिलो. तिथले डास ही बाबांनी न मोजलेली बहुधा पहिलीच गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते, तर आदल्या संध्याकाळच्या विझलेल्या शेकोटीतले कोळसे ते एकेक निवडून चिवड्याच्या रिकाम्या डब्यात भरतायत. मी समजले, दात घासायला. पेस्ट संपलीय का, विचारलं. "आहे की," म्हणाले आणि झाकण घट्ट लावलं.

मग आम्ही पाण्याशी जाऊन बसलो. समोर तळं, पलीकडे झाडं, झाडांमागे दुसरं तळं. एक पक्षी लांबून हाका मारत होता.

"हे कुणाच्या नावावर आहे?" त्यांनी विचारलं.

"एकाच्या नाही, बाबा. सगळ्यांचं."

"आणि त्या पलीकडे?"

"असंच. मग कॅनडा."

"मधे खांब, दगड, काही?"

"पाणी आहे मधे."

त्यांनी खिशातली टेप काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत ठेवून दिली. त्यांचे ओठ पहिल्यांदाच स्थिर होते. मग म्हणाले, "आयुष्यभर दोन भावांच्या मधे उभा राहिलो मी. वीतभर बांधासाठी डोकी फुटलेली बघितली. असंही असतं हे कुणीतरी आधी दाखवायला पाहिजे होतं."

गाडीत चार वेळा घोकलेलं सगळं विसरून मी एका दमात बोलून टाकलं. "बाबा, घर भाड्याचं नाही. आम्ही विकत घेतलंय. आम्ही आता परत नाही येणार. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

त्यांनी एक डास मारला. "ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं? ह्यांनी?"

"तो कसला सांगतोय! परसाच्या कोपऱ्यात गुलाबी फीत बांधलेली खुंटी आहे, तिच्या बुडाशी लोखंडी सळई. ताजी मोजणी आहे, या वसंतातली. भाडेकरू कधी मोजणी मागत नाही, सूनबाई."

कुंपण घालायचं म्हणून आम्ही मार्चमध्ये मोजणी करून घेतली होती आणि ती खुंटी उपटायचा आळस केला होता. बाकी सगळे कागद मी कुलुपात ठेवले होते. माझ्या हुशारीची मलाच कीव आली.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मोजणीदारानं आधी बोलायचं नसतं. तुमची बाजू यायची होती."

"वाईट वाटलं का हो?"

"वाटलं की," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी फार वाटलं. बारा वर्षं गवत काढलं मी." मग मानेवरचा आणखी एक डास मारला. "पण तुझा जीव किती टांगणीला लागलाय ते मक्याच्या शेतापासून बघतोय. म्हटलं, हिच्या तोंडून निघू दे, नाहीतर हिला जन्मभर टोचेल." मी रडले. त्यांनी रुमाल दिला, आणि तो परत घेताना सवयीनं घडी जुळतेय का ते बघितलं.

घरी परतलो त्या रविवारी त्यांनी मुलाकडे कुदळ मागितली. एकमेकांशी धड नजर न मिळवणारे बापलेक परसात गेले. तिथे बाबांनी काम थांबवलं. लगतच्या मालकाला बोलावल्याशिवाय हद्दीचं काम होत नाही म्हणे. शेजारचा निवृत्त ट्रकड्रायव्हर हातात बीअरचा कॅन घेऊन आला आणि आयुष्यातल्या पहिल्या पंचनाम्याला गंभीरपणे उभा राहिला. लोखंडी सळईला लागून बाबांनी स्वतः हातभर खड्डा खणला. तळाशी चिवड्याच्या डब्यातले कोळसे ओतले, वर सातारी रंगाचा तो दगड उभा केला, दोन भाग जमिनीत, एक भाग वर.

"कोळसा कशाला, बाबा?" नवऱ्यानं विचारलं.

"दगड हलवणारे पुष्कळ असतात. कोळशापर्यंत कुणी उकरत नाही. आणि कोळसा कुजत नाही. पन्नास वर्षांनी कुणी भांडायला आलं तर खण म्हणावं." त्यांनी माती पायानं दाबली, वहीत नकाशा काढला, ट्रकड्रायव्हरची सही घेतली आणि आमच्या खोटेपणाच्या त्या सबंध प्रकरणाखाली त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं: हद्द कायम. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी जागा मीच मोजून देणार होतो. दिली." नवरा तोंड फिरवून कुदळ धुवायला गेला, त्या कुदळीला त्यानं पंधरा मिनिटं लावली.

गावी गेल्यावर त्यांनी अकरा गुंठे विकले नाहीत, फक्त कुंपण काढून टाकलं. फोनवर सांगायचे, "आता गाव तिथे क्रिकेट खेळतं. आंब्यांना चेंडू लागतात. लागू देत." पुन्हा अमेरिकेला यायचं त्यांच्या मनात होतं, त्या तळ्यावर जायचं होतं, टेप न घेता. ते राहून गेलं. सहा वर्षांनी ते गेले, आणि पुढे नोकरीपायी आम्हाला ते घर विकून दुसऱ्या राज्यात, कॅरीला यावं लागलं. निघताना नवरा परसात कुदळ घेऊन दगडापाशी उभा होता. मीच त्याला आत बोलावलं. हद्दीचा दगड जागचा हलवायचा नसतो, एवढं तरी मी त्या माणसाकडून शिकले होते.

नव्या मालकांनी दगड काढलाही असेल. खाली कोळसा असेल.