भरितासाठी आणलेली बाटली

मुलगी फ्रान्सहून आली तेव्हा तिने पिशवीतून एक उंच, सडपातळ हिरवी बाटली काढली. अल्सास नावाच्या प्रांतातली, तिच्या सासऱ्यांच्या गावची पांढरी वाइन. तिकडे तिने मला न विचारता लग्न केलं होतं. दोन वर्षं मी तिच्याशी बोललो नव्हतो. ती आली म्हणून राग गेला होता असंही नाही.

"आप्पा, ही तिखटाबरोबर छान लागते. गोडसर आहे, फुलांसारखा वास येतो. तिकडे भरीत केलं, तेव्हा कळलं."

थंडीत चोपड्याजवळच्या आमच्या मळ्यात भरीत होतंच. बायकोने कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजली आणि बडजीच्या खोल लाकडी भांड्यात मिरची-लसूण घालून ठेचली. मुलीने बाटली बादलीत ठेवून विहिरीत गार करायला सोडली होती.

भाऊबंद जेवायला बसले. मी विचारलं, "केवढ्याला पडली?"

"सासऱ्यांनी दिली. त्यांच्याच मळ्यातली."

फुकटच्या मालावर माझा कधी विश्वास बसला नाही. केळीच्या व्यापारात एकेका घडावर घासाघीस करत मी सायकलवरून स्वतःच्या ट्रकपर्यंत आलो आहे.

तेवढ्यात बायकोने स्टीलचा पेला पुढे केला. "माले बी घोटभर द्या. लेकीच्या सासरचं शे."

सगळे हसले. चुलतभाऊ म्हणाला, "वहिनी, आता विमानाचं तिकीट बी काढा!"

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. "ज्यांनी मला विचारलं नाही, त्यांच्या घरचं माझ्या मळ्यात कोणी प्यायचं नाही."

बायकोने पेला पालथा ठेवला. "इतला राग काय कामना?" एवढंच म्हणाली आणि पुऱ्या वाढायला गेली.

निघताना मुलगी म्हणाली, "मी गेल्यावर तरी आईला द्या. पण ही साठवायची वाइन नाही, यंदाच संपवा."

मला ते पटलं नाही. दारू जुनी झाली की भाव वाढतो, असं ऐकून होतो. बाटली माळ्यावर पत्र्याखाली ठेवली आणि आमचा उन्हाळा तिने तिथेच काढला. उतरवलेला घड कोणासाठी थांबत नाही, हे शेतकऱ्यांना रोज ऐकवून भाव पाडणारा माणूस मी.

श्रावणात बायको डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली, ती उठली नाही.

यंदा भरीत मीच केलं. वांगी एका बाजूने करपली. बाटलीचं बूच काढलं आणि बायकोच्या पेल्यात ओतलं, तर रंग चहासारखा. भरिताचा घास घेऊन घोट घेतला. आंबट, कुजक्या सफरचंदासारखं. फुलं कुठेच नव्हती.

मुलीला फोन केला. "तो वास नेमका कसा असतो?"

ती म्हणाली, "आईही फोनवर हेच विचारायची. मी सांगितलं की म्हणायची, चमेलीसारखा असेल."

जावयाला मी अजून माफ केलेलं नाही. पण ते त्या वेळी तोंडातून निघालं नाही.

"दुसरी पाठवू का, आप्पा?"

"आता कोणासाठी?" म्हणालो, आणि तिच्या आधी फोन ठेवला.