गळ्यापर्यंतचा फोटो

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीत एका डीटीपीच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचे. लग्नपत्रिका, श्रद्धांजलीची कार्डं, फ्रेमसाठी मोठे करायचे फोटो, असली कामं. मी तापट, गिऱ्हाइकं माझ्याशी जरा जपूनच बोलायची.

एका सकाळी आष्ट्याचे एक म्हातारे आले. त्यांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचा एकुलता एक फोटो मी काही महिन्यांपूर्वी स्कॅन करून घेतला होता आणि मूळ प्रत त्यांना परत दिली होती. वर्षश्राद्धाला तो मोठा करून हवा होता. त्यांनी पिशवीतून ती प्रत काढून टेबलावर ठेवली. चेहऱ्याच्या जागी नुसता लाल डाग होता.

"सवाष्ण गेली ती. रोज कुकू लावत हुतो, वल्या बोटानं," ते म्हणाले.

"बिनकाचेच्या फोटोला कुणी कुंकू लावतं का!" मी फाडकन बोलले.

आमच्याकडे प्रत आहे, असं म्हणत मी स्कॅन केलेल्या फोटोंचा फोल्डर उघडला आणि स्क्रीनवरची खिडकी आपोआप बंद झाली. पुन्हा उघडला, पुन्हा बंद. त्या फोल्डरचं हे दुखणं जुनंच होतं. व्हायरस असेल म्हणून आम्ही तिकडे फिरकतच नव्हतो. मालक तर म्हणाले होते, उडवून टाक सगळं. मी आज-उद्या करत राहिले होते, निव्वळ आळसानं.

मग डॉसच्या काळ्या स्क्रीनवर गेले. तिथे चित्रं दिसत नाहीत, नुसती नावं. निम्म्या फाइली एका फोल्डरमध्ये टाकल्या, निम्म्या दुसऱ्यात. नेहमीच्या स्क्रीनवर परत येऊन बघितलं, तर पहिला नीट उघडला, दुसरा मिटला. दुसऱ्याच्या पुन्हा निम्म्या केल्या. असं करत शेवटी एकच फाइल उरली. कॉम्प्युटर तिचं छोटं चित्र दाखवायला जाताच खिडकी कोसळत होती. नाव वाचलं. म्हाताऱ्यांचीच फाइल होती ती. सेव्ह होताना वीज गेली होती, आत्ता आठवलं. नंतर मी उघडून बघितलंच नव्हतं. आणि मघाशी त्यांच्यावर ओरडले होते.

फोटोच्या प्रोग्रॅममधून ती थेट उघडली. चित्र वरून खाली सावकाश उतरू लागलं. डोक्यावरचा पदर, कपाळावरचं कुंकू, डोळे, हनुवटी. गळ्याशी येऊन थांबलं. खाली सगळा राखाडी रंग.

चूक माझी आहे, मी म्हणाले. माझी मला लाज वाटत होती. त्यांचं लक्षच नव्हतं. खुर्ची पुढे ओढून ते बघत बसले होते.

"त्वांड हाय. लय झालं," ते म्हणाले. मग त्यांनी स्क्रीनवर तिच्या उघड्या गळ्यापाशी बोट ठेवलं.

"हितं डोरलं तेवढं घाला, बाई. मी जित्ता हाय अजून."