मॅडमच्या नावावर बदललेला क्रम

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, पण मधेच ‘होतं असं माणसाकडून’ म्हणू नका. मला ते ऐकवत नाही.

मी वाशीमकडचा, आठवीत शाळा सोडलेला. कोल्हापुरात मला उभं केलं जमादार मॅडमनी. आमचं ऑफिस कारखान्यांचा डेटा सांभाळायचं – क्लाऊड हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत आला नव्हता. रोज इंटरनेटवरून प्रत्येक कारखान्याच्या फायलींची नक्कल आमच्या सर्व्हरवर यायची. कुणाची आधी, कुणाची नंतर, किती वाजता, हा क्रम फक्त मॅडम बदलू शकायच्या. मला काम शिकता यावं म्हणून त्यांनी आपला पासवर्ड मला दिला. गुपचूप. सव्वीस वर्षांच्या परक्या माणसावर एवढा विश्वास – कोण टाकतं?

आणि उद्यमनगरच्या एका फाउंड्रीतला तो इंजिनिअर! फोन उचलला की, “काय रं आठवी, मॅडमला दे. तुझ्या डोस्क्यात न्हाय शिरायचं हे.” मागं त्याची माणसं हसायची. अजून तो आवाज आठवला की दात आवळले जातात. पण रागाच्या भरात हात गेला, असं नाही. मी विचार करून केलं.

फाउंड्रीत रोज दुपारी दोनला तासभर लाइट जायची, कॉम्प्युटर बंद. मी मॅडमच्या नावानं आत शिरलो आणि त्यांची नक्कल अडीचला लावली. म्हणजे ती होणारच नव्हती. ‘नक्कल झाली नाही’ असं रोज अहवालात यायचं. अहवाल छापून मॅडमच्या टेबलावर ठेवायचं काम माझं – तेवढं पान मी खिशात घालायचो. तीन आठवडे. त्याची एकदा जिरावी, एवढंच हवं होतं. मॅडमचं काय होईल, हे मनात आलं नव्हतं? आलं होतं.

मग फाउंड्रीतली डिस्क जळाली. तीन आठवड्यांची ड्रॉइंगं आमच्याकडं नव्हतीच. आमच्या ऑफिसच्या मालकांनी सर्व्हरवरची नोंद काढली – क्रम बदलणाऱ्याचं नाव मॅडमचं.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. “तू हात लावलास काय रं? खरं सांग, मी निस्तरीन की.”

“नाही मॅडम.”

पासवर्ड माझ्याकडंही आहे, हे त्यांनी मालकांना सांगितलंच नाही. आणि मी? सगळ्यांसमोर उभा राहिलो. “मॅडम असं करणार नाहीत,” म्हणालो. धाडस होतं ते? छे – माझ्याकडं कुणी बघू नये म्हणून. त्याच दिवशी त्यांना काढलं. ‘डेटा बुडवणारी बाई’ म्हणून पुन्हा कुठल्याच ऑफिसात घेतलं नाही.

दोनेक वर्षांनी कळंब्याच्या तळ्यावर भेटल्या, नवऱ्यासोबत. घरी ब्लाउज शिवते म्हणाल्या. मग नवऱ्याला पुढं ओढत, “अवं, ह्योच त्यो. एकटा बोललाता माझ्यासाठी.” त्या माणसानं माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरले होते.

मी हसलो. म्हणालो, “एवढंही करू नये का, मॅडम?”