बियाचं खरबूज

मित्राच्या मुलीचं लग्न बीडला होतं. निघताना बायकोने बजावलं, की मांडवात तरी तुमच्या रस्त्याचं कौतुक सांगत बसू नका. माझा रस्ता म्हणजे आमच्या शहराचा स्मार्ट रस्ता. माणूस जवळ आला की आपोआप उजळणारे दिवे, कारंजी, दोन्ही बाजूंना गुळगुळीत पदपथ. मी पालिकेत इंजिनिअर, पदपथांचं काम माझ्या सहीने झालं. माझ्या मोबाइलमध्ये नातवापेक्षा त्यांचेच फोटो जास्त आहेत.

लग्न आटोपून दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची बस धरली. गेवराई मागे पडल्यावर एका गावाची पाटी दिसली आणि मी चमकलो. हे नाव मी कित्येक महिने रोज वाचलं होतं, वाळू आणणाऱ्या मोठ्या हायवा टिप्परांच्या परवान्यांवर. आपल्या रस्त्याचं माहेर बघून यावं अशी हौस आली आणि मी बस थांबवून उतरलो. इथे बघायला काय आहे, असं कंडक्टरने विचारलंसुद्धा.

तिथून गोदावरी तासाभराच्या वाटेवर. एप्रिलचं ऊन, डोक्याला टोपी नाही आणि पायात लग्नाचे बूट. नदीकाठी पोचेपर्यंत टाचा सोलवटल्या होत्या. एका खोपीतून म्हाताऱ्याने हाक मारली आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. ते रशीदभाई, गेवराईचे फळवाले. हंगाम संपेपर्यंत ते आणि त्यांची बायको जैबुनभाभी नदीतच राहतात.

पावसाळा ओसरला की पात्रातल्या वाळूत हातभर खड्डे घ्यायचे, तळाशी शेणखत घालून खरबुजाचं बी टाकायचं. पुढे मुळं आपली आपण ओलीपर्यंत पोचतात. याला ते वाडी म्हणतात. वाळू आहे तोवर ओल आहे, एवढंच त्यातलं शास्त्र. पूर्वी वाडी पार पलीकडच्या काठापर्यंत असायची. मी पाहिली तेव्हा खोपीसमोर जेमतेम एक पट्टा उरला होता. त्यापुढे जेसीबीने केलेले माणूस बुडेल एवढे खड्डे होते आणि त्यांत हिरवं पाणी साचलं होतं.

भाभींनी भाकरी, ठेचा आणि कापलेलं खरबूज पुढे ठेवलं. इतकं गोड खरबूज मी आजवर खाल्लेलं नाही. पोट भरलं तसा मूळ स्वभाव वर आला आणि मी मोबाइल काढला. भाभींनी फोटो निरखून पाहिला आणि विचारलं, की इथं फळवाले कुठं बसतात. तिथे हातगाडी लावायला मनाई आहे, असं मी सांगितलं. तेवढ्यावर तरी गप्प बसायचं होतं. पण पुढे अभिमानाने म्हणालो, "यातली वाळू तुमच्या इथलीच आहे."

बोललो आणि कानशिलं तापली. समोरचे खड्डे मी तासभर बघत होतो. ते माझे आहेत हे मात्र तेव्हा कळलं.

मग सगळंच सांगून टाकलं. माझ्या टेबलावर दोन नमुने आले होते, एक दगड फोडून केलेल्या क्रशरच्या वाळूचा आणि एक नदीच्या. क्रशरची चालली असती. पण नदीची हाताला मऊ लागली, म्हणून मी कागदावर 'नदीचीच' असं लिहिलं. एवढंच कारण होतं. सांगताना मला त्यांच्याकडे बघवेना.

रशीदभाई चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मग तुमाला ठाऊक आसंल, सायब. आजून किती न्यायची हाय? म्हंजी फुडल्या साली लावायचं का न्हाई, ते आमाला कळंल."

मला ठाऊक होतं. दुसऱ्या टप्प्यात आणखी रस्ते होते आणि त्यांच्या कागदांत माझीच ती 'नदीचीच' ओळ होती. मी म्हणालो, "बघून सांगतो." उभ्या नोकरीत लोकांना वाटेला लावताना वापरलेलं उत्तर त्या माणसासमोरही तोंडात आलं.

निघताना त्यांनी एक खरबूज काढून आणलं. वेलावरचं सगळ्यात चांगलं फळ बियासाठी राखतात आणि ते पाहुण्याला देतात. पाहुण्याने गर खायचा, बी धुऊन वाळवायचं आणि लावणीआधी स्वतः आणून द्यायचं. बी घराबाहेर फिरून आलं की बरकत येते, असं ते मानतात. यंदा बियाला एवढं एकच ठेवलंय, असं भाभी हळूच म्हणाल्या. रशीदभाईंनी ते माझ्या पिशवीत घातलं. "बी घिऊन याल तवा जबाब बी घिऊन या," ते म्हणाले.

संध्याकाळी आमच्या रस्त्यावर रिक्षातून उतरलो. मी पुढे सरकलो तसे दिवे एकेक करून उजळत गेले. आधी हे मला फार आवडायचं. त्या संध्याकाळी मात्र कुणी बॅटरी मारून चोर शोधतंय असं वाटत राहिलं, आणि मी पदपथ सोडून गाड्यांच्या कडेने घरी गेलो.

बी धुतलं, वाळवलं, पाकिटात भरलं. श्रावणात दुसऱ्या टप्प्याचे कागद माझ्यासमोर आले. ती ओळ खोडायला पेनाची एक रेघ पुरली असती. पण नवे नमुने, नव्या चाचण्या, वरून विचारणा, हे सगळं आठवलं आणि मी सही केली.

आता थंडी पडली आहे. नदीत लावणी सुरू झाली असेल. बी द्यायला जायचं तर जबाबही द्यावा लागेल, म्हणून मी जात नाही. त्यांची वाळू आम्ही नेलीच होती. आता त्यांचं बीही माझ्या कपाटात आहे.