तीन कुलपांची गच्ची आणि दक्षिण ध्रुव

सत्यशीला मेश्राम, म्हणजे आमच्या सत्यशीलाताई, दिवसभर अंटार्क्टिकाचा किनारा काढायच्या आणि संध्याकाळी कंपनीच्या बसने कर्वेनगरला घरी यायच्या. जमीन नेमकी कोणाची, हे दोन्हीकडे कोणाला सांगता येत नसे.

कंपनी हडपसरला. परदेशातून उपग्रहाची चित्रं यायची आणि आम्ही माउसने रेघा ओढून त्यांचे नकाशे करायचो. मी करमाळ्याच्या शाळेत शिकलेला. अंटार्क्टिका म्हणजे नकाशाच्या तळाचा पांढरा पट्टा, परीक्षेला नाही, एवढंच मला ठाऊक. ताईंना मात्र त्या पट्ट्याचा नाद लागला. किनारा काढायचा तो कुठला? बर्फ जमिनीवर टेकलेला असतो तिथला, की पुढे समुद्रावर तरंगत गेलेल्या बर्फाच्या टोकाचा? त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "मॅडम, डेडलाइन शुक्रवारची आहे." ताईंनी दोन्ही काढले, दोन रंगांत.

ते २००२ साल. मार्चमध्ये कळलं, की लार्सन-बी नावाचा अख्खा तरंगता बर्फ फुटून गेला. ताईंनी जानेवारीत काढलेली रेघ आता नुसत्या पाण्यावर उभी होती. त्यांचं काम तपासायला मीच असायचो. म्हटलं, "ताई, ही चूक धरू का?"

"धरा की. आणि बर्फाला मेमो द्या."

त्याच भागावर तीन देशांचा हक्क. ब्रिटन म्हणतं आमची जहाजं आधी पोचली. अर्जेंटिना म्हणतं आमची माणसं तिथे कधीपासून राहताहेत. चिली म्हणतं आम्ही सगळ्यात जवळचे. दुसऱ्या बाजूला एक भलामोठा तुकडा मात्र असा, की त्यावर कोणाचाच दावा नाही. हे मला पटेना. पुण्यात असता तर एव्हाना तिथे रो-हाउसेस झाली असती.

ताई राहायच्या त्या सोसायटीतही असाच एक मुलूख होता. मी तिथेच दुसऱ्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहायचो. म्हणजे माझा दर्जा पेंग्विनाचा, वस्ती आहे पण मत नाही. बिल्डर कागदपत्रं न करताच मुलाकडे अमेरिकेला गेलेला आणि गच्चीवर तिघांचा दावा. दारावर तीन कुलपं. टाकी धुवायची तर तिघांना एका वेळी गाठावं लागे.

यात अडकल्या ताईंच्या आई, चंद्रभागाबाई. तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. तीन जिने उतरणं शक्य नव्हतं. एक जिना चढून गच्चीत बसणं जमायचं. कुलपं लागली आणि दिवाळीपासून त्यांनी डोक्यावर मोकळं आभाळ पाहिलं नव्हतं. ताई घरी आल्या की बाई विचारायच्या, "आज बर्फ कुठवर सरकला वं?" त्यांना तेवढंच बाहेरचं जग उरलं होतं.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग भरली.

"गच्ची माझ्या घराच्या वर आहे," श्यामसुंदर आगाशे म्हणाले. "गळते ती माझ्या डोक्यावर. बाकीच्यांनी ढग वाटून घ्यावेत."

"जागा आमच्या वडलांची," सर्जेराव शितोळे म्हणाले. "तुमचं डोकं बी आमच्याच जागेत हाय."

"आणि मी इतकी वर्षं कुरडया कुठे वाळवल्या?" हिराकाकूंनी विचारलं. "तुमच्या टकलावर?"

ताई उठल्या. "गच्ची कोणाची, हे आज ठरवायचंच नाही."

पुण्यात मीटिंगमध्ये काही ठरत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आधीच जाहीर करणारं कोणी भेटलं नव्हतं.

"कोणी आपला हक्क सोडायचा नाही, कोणी नवा सांगायचा नाही. आजपासून वर कुरडया घाला नाहीतर डांबर घाला, तो कशाचाच पुरावा नाही. ना बाजूने, ना विरुद्ध."

"कुठल्या वकिलाने सांगितलं हे?" आगाशे.

"अंटार्क्टिकाच्या. एकोणीसशे एकोणसाठ साली बारा देशांनी असंच ठरवलं. अमेरिका आणि रशियासुद्धा त्यात होते, तेही एकमेकांवर बॉम्ब रोखून बसलेले असताना. ब्रिटन आणि अर्जेंटिना पुढे जवळच्या बेटांवरून लढले, तरी ध्रुवाच्या मीटिंगला दोघं येतात."

"तिथे पेंग्विन राहतात हो. इथे शितोळे आहेत," आगाशे म्हणाले.

शितोळ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "अन् कोणी गुपचूप पत्रा ठोकला तर?"

"कोणीही, कधीही वर जाऊन तपासणी करायची. न विचारता. तेही करारात आहे."

शेजाऱ्याचं काय चाललंय ते न विचारता जाऊन बघायचा अधिकार! सभेत चैतन्य आलं. हे कलम एकमताने मंजूर झालं.

हिराकाकू मात्र अडल्या. "म्हणजे माझ्या आजवरच्या कुरडया वाया?"

"नाही काकू. आजवरचं आहे तसं राहील. फक्त गोठवलंय."

काकूंनी पदराच्या टोकाची किल्ली सोडली. मग शितोळ्यांनी. आगाशे म्हणाले, "तत्त्वतः मला मान्य नाही," आणि कुलूप काढायला स्वतःच वर गेले.

चंद्रभागाबाई एकेक पायरी थांबत चढल्या. वर आल्यावर काही वेळ नुसत्या वर बघत उभ्या राहिल्या. मग मी खुर्ची मांडली.

"मंग कोणाची ठरली वं गच्ची?"

"कोणाचीच नाही, आई."

"काहून? एवढे शिकले-सवरलेले बसले होते."

"म्हणून तर."

एवढ्यात आगाशे पुन्हा हजर. "तपासणी," ते म्हणाले. गच्चीभर एक फेरी मारली, टाकीचं झाकण पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "खुर्ची भर उन्हात आहे. डोकं तापेल." त्यांना उठवून त्यांनी ती टाकीच्या सावलीत ओढली.

"ऊन खायलाच आली ना मी, भाऊ."

आगाश्यांनी खुर्ची ओढत पुन्हा उन्हात आणली.