खुर्चीतला नावाडी

शबनूर मुल्लाणी बाईंचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बाई मुळातच हळव्या असणार. हळव्या कसल्या डोंबलाच्या! मंगळवार पेठेतल्या शाळेत इतिहास शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडात सगळ्यात जास्त बसलेला शब्द म्हणजे "पुरावा". कुणी म्हणालं, अमक्या पिंपळावर मुंजा हाय, की बाई विचारणार, "कुणी बघितला? उजेड होता का तिथं? चष्मा लावला होता का?" सांगणारा घरची वाट धरायचा.

वडील बादशहा मुल्लाणी चाकू-कात्र्यांना धार लावायचे. खांद्यावर चाक घेऊन पेठापेठांतून फिरायचे आणि कात्री हातात आली की आधी विचारायचे, ही कुणाची, हिनं काय कापता. शिंपिणीची कात्री वेगळी झिजते, न्हाव्याची वेगळी. लहानपणी बापाच्या मागं मागं हिंडताना बाईंनी ते उचललं आणि पुढं तीच त्यांची शिकवायची रीत झाली. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला बोलावलं की त्या सांगायच्या, "घटना विचारू नका, वस्तू विचारा. लढाई कधी झाली हे पुस्तकात हाय. सैनिकानं सकाळी काय खाल्लं, कनवटीला काय होतं, ते विचारा. माणूस आपोआप बोलाय लागतंय."

जिल्ह्यातल्या इतिहास शिक्षकांची दरवर्षी कार्यशाळा भरते. पहिले दोन दिवस कसे जातात ते विचारू नका. कुठूनतरी मोठे तज्ज्ञ येतात, पडद्यावर चौकोन आणि बाण दाखवतात, आणि मागच्या रांगेतले सर चहाची वाट बघत जांभया देतात. पण शेवटच्या दिवशी संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम असतो, आणि त्यात पोवाडे-नकला झाल्या की शेवटी असते ती खुर्ची. तिच्यासाठी लोक लांबून येतात.

खुर्ची म्हणजे साधी लाकडी, हाताची. एका शिक्षकानं तिच्यात बसायचं आणि जुन्या काळातला कुणीतरी साधा माणूस व्हायचं. राजे, सरदार चालत नाहीत. कुंभार, हमाल, दाई असलं कुणीतरी. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि बसलेल्यानं "मी" म्हणूनच उत्तरं द्यायची. त्या काळात नसलेली वस्तू चुकून तोंडातून गेली की दंड म्हणून सगळ्यांसमोर पोवाडा म्हणायचा. आमच्या इतिहासाच्या सरांना दुसऱ्याची असली चूक सापडली की लॉटरी लागल्याचा आनंद होतो. आणि खेळ संपताना चालवणाऱ्यानं बसलेल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याचं खरं नाव, बापाच्या नावासकट, मोठ्यानं घ्यायचं आणि हातावर गुळाचा खडा ठेवायचा. कुण्या जुन्या मास्तरांनी ही रीत घालून दिलेली. नाव घेतलं नाही तर माणूस तिथंच राहतो, असं म्हणायचे. खुर्ची वर्षानुवर्षं शबनूरबाईच चालवायच्या. त्या या बोलण्याला हसायच्या, पण गुळाची पुडी मात्र कधी विसरल्या नाहीत.

आता बाईंच्या घरातलं सांगायला पाहिजे. घरात दोघीच, बाई आणि त्यांची अम्मी रशिदा. लग्न केलं नाही बाईंनी, धाकटा भाऊ उजैर मार्गी लागू दे म्हणत राहून गेलं. हा उजैर थोरल्या बहिणीला आपा म्हणायचा, कागलच्या एमआयडीसीत कामाला होता. पोरगं गुणाचं, पण उनाड. रात्री-अपरात्री यायचा, दार बडवायचा आणि अम्मी झोपेतून उठून कडी काढायची. मोठ्या पुराच्या साली कारखान्याला सुट्टी पडली, तसा तो तालमीतल्या पोरांबरोबर नदीकाठच्या गावात लोकांना बाहेर काढायला गेला. होडी उलटली. बाकीची पोरं झाडाला धरून राहिली, वाचली. उजैर सापडला नाही. आठवडाभर शोधलं, मग पाणी ओसरल्यावर पुन्हा शोधलं. माणूस नाही आणि मयतही नाही.

तेव्हापासून रशिदाअम्मीनं दार लावू दिलं नाही. दाराला ओढलं की आपोआप लागणारं कुलूप होतं, म्हणून अम्मीनं चौकटीत एक फडकं घडी करून खोचलं. दार नुसतं लोटलेलं राहायचं, दिवसा आणि रात्रीसुद्धा. "त्येच्याकडं किल्ली कुठं हाय? आला आणि दार बंद दिसलं तर माघारी जाईल पोरगं," एवढंच तिचं म्हणणं. दारासमोर खाट टाकून ती तिकडं तोंड करून पडायची. झोप लागली तर लागली.

हेही चाललं असतं. पण गेल्या वर्षी अम्मीच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप बदलायला पाहिजे, दवाखान्यात राहावं लागेल, आणि उशीर करू नका. अम्मी तयार होईना. "तू दवाखान्यात माझ्यापाशी बसणार. मग घरात कोण?" शेजारच्या शालूबाई म्हणाल्या, मी बसते की. त्यावर अम्मी म्हणाली, "तुला ढोल वाजवला तरी ऐकाय येत न्हाय. तू काय दार उघडणार?" बाईंनी समजावलं, रागावून बघितलं, रडूनही बघितलं. अम्मी हलली नाही. चार पावलं चालली की तिला धाप लागायची, ओठ काळे पडायचे, आणि शबनूरबाई ते बघत राहायच्या. आपली आई एका फडक्यापायी मरणार, हे त्यांना दिसत होतं.

अशात यंदाची कार्यशाळा आली. पावसाळा सरत आला होता. शाळेच्या हॉलमध्ये उजेड पिवळा पडला होता आणि बाहेर गटारीतून पाण्याचा आवाज येत होता. खुर्चीत बसले आकाराम चौगुले, बिद्रीकडच्या एका शाळेतले सर. मुलखाचा भिडस्त माणूस, बाईंना "मॅडम" म्हणताना सुद्धा खाली बघणारा. त्या दिवसापर्यंत बाईंशी त्यांचं नमस्कारापलीकडं बोलणं नव्हतं, घर तर त्यांनी बघितलंही नव्हतं.

"मी गणू," ते म्हणाले. "नावाडी. सव्वाशे वर्षांमागचा. पंचगंगेला पूर आलाय."

प्रश्न सुरू झाले. पुढच्या बाकावरच्या संयोगिता मॅडमनी विचारलं, होडी कसल्या लाकडाची. कुणी विचारलं, पैलतीरी काय नेतोस. सर छान उत्तरं देत होते, पाठ करून आले होते हे कळत होतं. मग बाईंनी त्यांचा नेहमीचा प्रश्न टाकला.

"सकाळी काय खाऊन निघालास, गणू?"

सर थांबले. "खाल्लं न्हाय."

"का?"

"अम्मीनं चपाती केलती. भांडाण झालं. ताट सरकवून तसाच उठलो."

गणू नावाड्याची अम्मी? दोघं-तिघं एकमेकांकडं बघून हसले. बाई मात्र खुर्चीच्या जवळ सरकल्या. आवाज सरांचाच होता, पण बोलायची चाल त्यांची नव्हती. मान जराशी वाकडी करून, शेवटचा शब्द ओढत. असं बोलणारं एकच माणूस त्यांना ठाऊक होतं.

"हातात काय आहे?" बाईंनी विचारलं. आपण का विचारतोय हे त्यांना कळत नव्हतं.

"दोर हाय."

"आणि खिशात?"

"किल्ली."

हॉलमध्ये खसखस पिकली. "होडीला कुलूप लावतोस व्हय रं?" मागून कुणीतरी ओरडलं. पृथ्वीराज नावाचे तरुण सर, जे चुका धरायलाच पुढच्या रांगेत बसतात, ते उठूनच उभे राहिले. "कसली किल्ली, ते सांगा."

"दाराची. चपटी, पितळी. वर लाल दोरा बांधलाय. दार ओढलं की आपसूक लागतंय आमचं."

"सव्वाशे वर्षांमागं लॅच! पोवाडा, सर, पोवाडा!" पृथ्वीराजनी टाळी वाजवली आणि सगळा हॉल उठला. बाक बडवले गेले, शिट्ट्या झाल्या. रीतीप्रमाणं बाईंनी तिथंच नाव घेऊन खेळ थांबवायला पाहिजे होता. त्यांनी थांबवला नाही. तो लाल दोरा त्यांनी स्वतः बांधलेला होता. जास्तीची किल्ली होती ती, अम्मीच्या शिवणाच्या डब्यात बटणांखाली पडलेली. कुणी कधी वापरली नव्हती, आणि घरातल्या तिघांशिवाय कुणाला तिचा पत्ता नव्हता.

गोंधळातच त्या खुर्चीपाशी वाकल्या आणि हळू विचारलं, "किल्ली कशाला घेतलीस?"

"तूच म्हणालीस की, आपा. अम्मीला रात्रीचं उठवतोस, सोताची किल्ली नेत जा म्हणून."

हे खरं होतं. त्या सकाळचं भांडण तेच होतं. त्यापायीच पोरगं न जेवता उठलं होतं, आणि बाईंनी ते आजवर अम्मीजवळसुद्धा पुन्हा काढलं नव्हतं. पुरावा मागणाऱ्या या बाईंनी तो शिवणाचा डबा इतक्या वर्षांत एकदाही उघडून बघितला नव्हता. त्या पोरानं जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशीच ऐकेल असं त्यांना वाटलं नाही. किंवा वाटलं असेल, आणि म्हणूनच बघायचं धाडस झालं नसेल.

सरांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले होते. खुर्चीचा हात त्यांनी असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. बाईंच्या मुठीत गूळ चिकट झाला होता. आता नाव घ्यायला पाहिजे, हे त्यांना समजत होतं. आणि नाव घेतलं की हा जाणार, हेही समजत होतं. नाही घेतलं तर? बसू दे की असाच. आणखी एक विचारते, मग घेते. ती लालूच किती वाईट होती ते ज्याचं माणूस गेलंय त्यालाच कळेल.

"घरी येतोयस का रे?" त्यांनी विचारलं.

सरांनी मान हलवली. "पाणी लई हाय, आपा."

सरांचे दात वाजायला लागले. बिद्रीकडं या माणसाचीही बायको वाट बघत असेल, तिचंही दार उघडं असेल, हे बाईंच्या मनात आलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. शर्टावरूनही खांदा गार लागत होता. "आकाराम दत्तू चौगुले," त्या म्हणाल्या. काही झालं नाही. मग त्यांनी वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात पुन्हा तेच नाव घेतलं, आणि सरांनी दचकून वर बघितलं.

"का हसायलेत सगळी?" त्यांनी विचारलं. किल्लीचं सांगितल्यावर ते ओशाळले. "किल्ली? न्हाय हो मॅडम. खिशात काय म्हटलं की तंबाखूची चंची म्हणायचं, असं पाठ केलतं मी." तरी दंड तो दंड. त्यांना पोवाडा म्हणावाच लागला. त्यांच्या बेसूर पोवाड्यावर हॉल हसत असतानाच बाई चपला घालून बाहेर पडल्या.

घरी दिवेलागण झाली होती. दार लोटलेलं, खाटेवर अम्मी. बाई सरळ आत गेल्या, शिवणाचा डबा काढला आणि फरशीवर उपडा केला. बटणं, हूक, सुया, मोडकी टेप. लाल दोरा नव्हता, किल्ली नव्हती. त्यांनी डबा झटकला, फरशीवर हात फिरवून बघितलं, आणि मग भिंतीला टेकून बसल्या.

"काय सांडलंस गं?" अम्मीनं विचारलं.

"अम्मी," बाई म्हणाल्या, "उजैरकडं किल्ली हाय."

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच."

जन्मभर दुसऱ्यांना पुरावा मागणाऱ्या लेकीकडं अम्मीनं पुरावा मागितला नाही. ती दाराकडं वळून बसली. 

"पहिल्या दिवसापासनं हाय त्येच्याकडं?"

"व्हय, अम्मी. घरातनं जातानाच घेतलीय."

"म्हंजे दार बंद हाय म्हणून बाहेर राहिला न्हाय त्यो." अम्मी एकेक शब्द सावकाश बोलत होती. "किल्ली असून आला न्हाय."

बाईंना तेव्हा कळलं की आपण आईला काय सांगून बसलो. त्या उठून जवळ गेल्या, पण अम्मीनं हातानंच त्यांना थांबवलं. डोक्यावर पदर नीट घेतला आणि "इन्ना लिल्लाहि" म्हणायला सुरुवात केली. कुणी गेल्याचं कळलं की म्हणतात ते. इतक्या वर्षांत त्या घरात उजैरच्या नावानं ते कुणी म्हणालं नव्हतं. अम्मीनं ते शेवटपर्यंत म्हटलं आणि मग ती रडली. बाई तिच्या पायाशी बसून रडल्या.

रडून झाल्यावर अम्मी भिंत धरून उठली. धापा टाकत दारापर्यंत गेली, चौकटीतलं फडकं तिनं स्वतः उपसून काढलं आणि दार ओढलं. कुलूप लागल्याचा आवाज झाला. त्या रात्री ती भिंतीकडं तोंड करून झोपली, सकाळपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायला रिक्षा आली. बाईंनी दार ओढून घेतलं. शालूबाईंना सगळं कळलं होतं, ऐकू येत नसलं तरी असल्या गोष्टी त्यांना बरोबर कळतात. त्या रिक्षापाशी येऊन म्हणाल्या, "शबनूर, किल्ली बाहीर हाय म्हणतीस, तर कुलूप बदलून घे बाई. घर मोकळं हाय. कुणाच्या हाताला लागली असंल, सांगता येत न्हाय."

बाई काही बोलायच्या आत अम्मीनं रिक्षातून डोकं बाहेर काढलं.

"कुलूप बदलायचं न्हाय," ती म्हणाली, आणि रिक्षावाल्याला चल म्हणाली.