लामिनकाकांची कॅसेट

देवाशी मी अबोला धरला होता, आणि सहा महिने नेटाने पाळलाही. मी तशी तोंडाळ बाई, पण भांडायला समोरचा बोलायला तर हवा! ग्रीन कार्डाचे कागद अडकलेले, त्यामुळे देशाबाहेर जाता येईना, त्यातच साताऱ्याला आई वारली, आणि मी इकडे शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या फ्लॅटमध्ये नुसती रडत बसले. त्या दिवसापासून देव्हाऱ्याला पडदा आणि माझं गाणं बंद.

खालच्या मजल्यावर लामिनकाका राहायचे. मूळचे गाम्बियाचे, दिवसा टॅक्सी चालवायचे आणि एरवी कोरा वाजवायचे. कोरा म्हणजे अर्ध्या भोपळ्यावर कातडं चढवून एकवीस तारा लावलेलं वाद्य. माझा तंबोरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्या भोपळ्याला टिचकी मारून म्हणाले, "सिस्टर, हा तर आमचा सोयरा!" तेव्हापासून दर गुरुवारी आमच्या भजनाला हजर. नमाज आटोपून यायचे, मुलांच्या खिशात गोळ्या कोंबायचे, साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घ्यायचे. मी गाणं सोडलं तरी ते येतच राहिले, हळू आवाजात कोरा वाजवत बसायचे. "गा" असं एकदाही म्हणाले नाहीत. फार गोड माणूस हो! आणि हिवाळ्यात एका सकाळी टॅक्सीवरचा बर्फ खरवडता खरवडता छातीत कळ येऊन गेले.

चाळिसाव्या दिवशी त्यांच्याकडे माणसं जमणार होती. आदल्या दिवशी त्यांची लेक फातू वर आली. त्यांच्या घराण्यात गाण्याआधी पूर्वजांची नावं गातात, आणि ती सगळी पाठ होती फक्त काकांना. "काकू, गोकुळाष्टमीला तुम्ही डॅडींना टेप केलं होतं ना? तेवढंच एक रेकॉर्डिंग आहे. ती नावं गेली तर मी माझ्या मुलांना काय सांगू?"

टेप केलं होतं, पण ती कॅसेट मी आईला पाठवली होती. फोन महाग, म्हणून आम्ही मायलेकी पत्राऐवजी कॅसेटवर बोलायचो. एकच कॅसेट इकडून तिकडे फिरायची. आई माझं ऐकून झालं की त्याच्यावरच आपलं उत्तर रेकॉर्ड करायची; काटकसर अशी की विचारू नका. तिचं शेवटचं पाकीट ती गेल्यावर आठ दिवसांनी पोचलं. ते मी फोडलंच नव्हतं. तिचा आवाज ऐकायची छाती नव्हती माझी. आणि त्या आवाजाखाली लामिनकाका पुसले गेले असणार, हे उघडच होतं.

हे सगळं फातूला सांगितलं. तरी ती दारातून हलेना. अखेर मी कपाटातून पाकीट काढलं, देव्हाऱ्याचा पडदा सारला आणि म्हटलं, "बाबा रे, माझ्याच्याने नाही होत. आता तूच बघ." आणि पाकीट फोडून, कॅसेट घालून बटण दाबलं.

आई बोलणार म्हणून मी दात आवळून बसले, तर कोरा वाजायला लागला! मग काकांचा तो खर्जातला आवाज, आणि एकामागून एक नावं. फातू रडत रडत ती नावं म्हणत होती, मध्येच टेप थांबवून कागदावर उतरवत होती. टेप संपत आली तेव्हा खरखरीतून आई बोलली: "पोरी, दोनच मिनिटं उरलीत. नेहमीसारखी पुसून बोलणार होते, पण हे गाणं पुसवेना गं. कोण आहेत हे? त्यांना माझा नमस्कार सांग. आणि तू गातेस ना?"

पुढचं काही मला ऐकू आलं नाही. मी फातूच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी आईचा नमस्कार मी सगळ्यांसमोर फातूला सांगितला, आणि मग गायले. आवाज फाटला, सूर हलला, पण गायले. देव उत्तर देत नाही म्हणून सहा महिने रुसून बसले होते मी, आणि उत्तर माझ्याच कपाटात पडलं होतं. आता हट्ट धरत नाही. त्याने धाडलेलं काहीही असो, आधी फोडून बघते.